विहिरीची हाक

पारोळ्याच्या अलीकडे आमच्या शाळेचा फाटा आहे. फाट्याला लागून एक जुनी विहीर आहे, खोल, दगडी बांधणीची आणि पार कोरडी. मी सकाळी धुळ्याहून येऊन तिथे उतरायचे, तेव्हा कापूस वेचायला निघालेल्या बाया गाडीची वाट बघत बसलेल्या असायच्या. त्यांच्यातली एक उतारवयाची बाई मात्र उठून विहिरीकडे जायची. लुगड्यावर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं. कठड्यावर दोन्ही हात टेकून ती आत वाकायची, काहीतरी ओरडायची आणि डोळे मिटून ऐकत राहायची. बाकीच्या बाया हसायच्या. तिला त्याचं काही नसायचं.

एकदा मी विचारलंच, "आत कोणाला हाक मारता, अक्का?"

"मालेच मारस, बाई," ती म्हणाली. "मनं नाव आते कोनी लेत नई. बठ्ठा लोके पोर्‍यानी माय म्हनतस. मनी माय व्हती ना, ती आशीच ताणीसन हाक मारे. ही इहीर बी तशीच मारस."

मग माझ्यासमोरच तिने आत वाकून स्वतःचं नाव घेतलं. तळातून ते वर आलं, जाडसर, जरा उशिरा, कोणीतरी चुलीपुढून उठून दारात येऊन बोलवावं तसं.

आणि तिने हळूच ओ दिली.

त्या दिवशी शाळेत सगळे मला बाई म्हणत राहिले. घरी मी मम्मी असते, सासरी मोठी वहिनी. संध्याकाळी फाट्यावर कोणी नव्हतं आणि बस यायला अजून वेळ होता.

मी कठड्यावर दोन्ही हात टेकले.