लाल बटण

हिंगोलीजवळच्या गोरेगावात लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानदाराचा कॉम्प्युटर संध्याकाळी सुरूच होत नसे. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज निम्म्यावर यायचं, बल्बची नुसती तार लाल दिसायची.

"इंजिनियरसाहेब, उद्या दुपारी पाहुणे पत्रिका न्यायला येऊन राहिले. कसंबी करून चालू करा," तो म्हणाला.

मी इंजिनियर नव्हतो, हिंगोलीत दुरुस्तीचा कोर्स केला होता. तसं सांगायला हवं होतं, पण ऐकायला गोड वाटलं.

कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या मागं लाल बटण असतं. एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ११५, म्हणजे परदेशातल्या विजेसाठी. संध्याकाळपुरतं गोरेगावही परदेशच, असा हिशेब करून मी बटण ११५वर सरकवलं. कॉम्प्युटर सुरू झाला! दुकानदारानं भजी मागवली. दुसरं भजं तोंडात असतानाच मोटारी बंद झाल्या, व्होल्टेज पुन्हा पूर्ण आलं, बल्ब लख्ख पेटला आणि डब्यात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला.

धुरातच मी हात जोडले. "चूक माझी आहे. मी ते बटण..."

"तुमची कशाची? लाइटच हरामखोर हाय. घ्या, भजे खा."

कितीही सांगितलं तरी तो मलाच धीर देत राहिला. सकाळच्या पहिल्या जीपनं मी घरून माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा सप्लाय आणून बसवला आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. पत्रिका वेळेवर छापून झाल्या.

दुकानदार चिकटपट्टीकडे बघत म्हणाला, "हे काहून झाकलं, साहेब? काल तेच सरकवलं तवा तर बराबर चालला होता."