आबांच्या दारातली दवंडी

आमच्या घरात हुकूम एकाच माणसाचा चालायचा, माझ्या आबांचा. आबा म्हणजे माझ्या बापाचा बाप. नुसते खाकरले तरी ओसरीवरच्या बाया पदर सावरायच्या. माझी माय तर त्यांच्यासमोर कधी चकार शब्द बोलली नाही. सुनेनं सासऱ्याशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही रीतच होती.

नव्वदच्या दशकात सरपंचाची जागा बायांसाठी राखीव निघाली, तेव्हा आबांनी मायचा फॉर्म भरून टाकला. तिला विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. "सही तिची, राज आपलं," असं ते पारावर बसून उघड सांगायचे. माय निवडून आली आणि लोक माझ्या बापाला 'सरपंच' म्हणायला लागले. मला अस्सा राग यायचा!

त्याच वर्षी गावच्या शाळेला एक खोली मंजूर झाली. शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला जीपनं गोरेगावला जावं लागे, आणि त्या खच्चून भरलेल्या जीपमधून लेकीला कोण पाठवणार? म्हणून पोरी चौथी झाली की घरी बसायच्या. मी तेव्हा चौथीतच होते. खोली झाली तर पाचवी गावात येणार, नाही झाली तर माझी शाळा संपली, एवढं सरळ होतं. पण खोलीच्या जागेवर गावाचे उकिरडे होते. इंजिनियर सोमवारी येणार होता. जागा मोकळी नसली तर खोली दुसऱ्या गावाला देऊ, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं.

आणि सगळ्यात मोठा उकिरडा कुणाचा? आमचाच!

बुधवारी कोतवालानं डफडं वाजवत दवंडी दिली. शब्द माझ्या बापाचे होते. "सरपंचबाईची समद्याला हात जोडून विनंती हाय, शाळेजवळचे उकिरडे उचला." एक टोपलं हललं नाही. पारावर हशा पिकला. "विनंतीच हाय ना, हुकूम थोडाच हाय!" आबा म्हणाले, "खत कच्चं हाय. कुजल्याबिगर हात लावायचा न्हाई." त्यांचं खोटं नव्हतं, कच्चं खत रानात टाकलं की पिकाची मुळं खाणारी हुमणी लागते. पण सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. आबाचा हलत न्हाई, तर आपला काहून हलवायचा?

शनिवारी सकाळी आबा रानात गेलेले बघून मायनं कोतवालाला बोलावलं. मी चुलीपाशी होते.

"आता 'हुकूम' म्हणायचं," माय म्हणाली. "आन् पयली दवंडी आमच्या दारात. आबा आल्यावर."

कोतवालाच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, आबाच्या दारात हुकूम? माझं थोबाड फुटंल की!"

"तुमचं काहून फुटंल? शब्द माझा हाय."

बाप मधे पडला. "अगं, मी बोलतो आबाशी, गोडीगुलाबीनं."

"तीन दिस तुमची गोडीगुलाबीच बघून राहिले. ह्या गोडीगुलाबीत माझी पोरगी घरी बसंल." नवऱ्याला तोंडावर बोलली हो!

दुपारी आबा ओसरीवर पानाला चुना लावत होते तेव्हा दारात डफडं वाजलं. "ऐका हो ऐका! सरपंचाचा हुकूम हाय! शाळेच्या जागेवरचे उकिरडे उद्या दिस मावळायच्या आत उचला! पयला उकिरडा सरपंचाच्या घरचा!" शेवटाला कोतवालाचा आवाज फाटला. गल्ली गोळा झाली. माय दाराच्या आत उभी होती, डोक्यावर पदर, पण मान ताठ. झालं, आता घरात महाभारत, असं मला वाटलं.

आबा उठले. "हुकूम कुणाचा म्हणला?"

"सरपंचाचा, आबा."

आबांनी दारातल्या मायकडं बघितलं. मग पान तसंच तबकात ठेवून त्यांनी सालगड्याला हाक मारली. "बैल जुंप. घरानंच घरचा हुकूम मोडला, तर गावात कोण इचारंल आपल्याला?"

कच्चं खत रानात न पसरता त्यांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, ढीग लावला, कुजायला. आमची पहिली गाडी भरून निघाली तशी दुसऱ्यांनीही फावडी काढली. रविवारी दिवस मावळायच्या आत जागा लख्ख झाली.

सोमवारी इंजिनियर आला आणि सवयीनं माझ्या बापाकडं वळला. "बोला सरपंच, दार कुणीकडं ठेवायचं?"

बाप काही बोलायच्या आत आबा पुढं झाले. "सायेब, हुकूम ह्यांचा चालतो," असं म्हणून त्यांनी मायकडं हात केला. "ह्यांना इचारा."

गावासमोर, सासऱ्यासमोर माय बोलली. "दार गावाकडं ठिवा. आन् काम बिगीनं करा, जूनला पाचवी बसायची हाय." माझा ऊर असा भरून आला, काय सांगू!

जूनमधे भिंती अजून ओल्याच होत्या. पाचवीच्या हजेरीत पोरांपेक्षा पोरी जास्त होत्या.