खंडेनवमीला अडकलेलं कार्ड

येरमाळ्याला हायवेवर माझ्या वडलांचं, अप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. खंडेनवमीला तिथं ज्याला म्हणून वायर हाय त्याची पूजा होते. त्या वर्षी अप्पांनी माझा कॉम्प्युटरसुद्धा सोडला न्हाय. त्याच्या सीपीयूच्या डब्यावर विभूतीचे तीन पट्टे, झेंडूचा हार, आणि वर हुकूम: "उद्या दसऱ्यापर्यंत ह्याला बंद करायचं न्हाय, हलवायचं न्हाय."

आणि दुपारी माझी पुण्याच्या कंपनीत नोकरीसाठी मुलाखत! कॉम्प्युटरवरूनच द्या, फोन चालणार न्हाय, असं त्यांनी बजावलेलं.

ऐन वेळेला नेट गेलं. त्याच लाइनवर शेजारच्या दुकानात चालू, माझंच बंद. म्हणजे डब्यातलं नेट घेणारं नेटवर्क कार्डच अडकलं. ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी बंद करून परत चालू केला. ड्रायव्हर ताजातवाना, कार्ड मात्र जुन्याच तंद्रीत! एसटीच्या नव्या ड्रायव्हरनं गिअर न्यूट्रलला न आणताच चावी फिरवावी, तसं. शहाणा ड्रायव्हर आल्या आल्या कार्डाला मागचं सगळं विसरायला लावतो. आमचा न्हवता शहाणा. आता वीजच पूर्ण तोडायला पायजे होती.

"अप्पा, पिन काढते."

"हात तर लावून बघ!"

"अहो, नोकरी जाईल माझी!"

"जाऊ दे. हितं काय उपाशी मरायलीस?"

माझं टाळकंच सरकलं. ह्यांना पूजेचं काई न्हवतं, मी पुण्याला जायचं दुखत होतं. "देवाच्या आडून कशाला बोलता? जाऊ नको म्हणा की सरळ!"

आई मागच्या घरातून पिठाच्या हातानं बाहेर आली. "भांडताय काय? उत्तरपूजा करा की! देव उठले की खुशाल बंद करा."

अप्पांनी अक्षता टाकल्या, निम्म्या डब्यावर, निम्म्या माझ्या डोक्यावर. डबा बोटभर सरकवला आणि पिन स्वतःच उपसली. जरा दम धरून परत लावली. कार्ड कोऱ्या पाटीनं उठलं. नेट आलं!

मुलाखतीत साहेबांनी पहिल्यांदा केसांतल्या तांदळाचं विचारलं. मग बाकीचं. शेवटी म्हणाले, "घेतलं तुम्हाला. कधी येताय?"

माझ्या आधी अप्पाच मागून हात जोडून कॅमेऱ्यात वाकले. "उद्या दसरा हाय साहेब. सीमोल्लंघनाला ह्याच्याहून चांगला मुहूर्त कुठला?"

आणि डोळे पुसत आईवर खेकसले, "बघत काय उभारलीस? पोरीची बॅग काढ."