डाव्या बाजूची बटणं
रेकॉर्ड खोलीतला कारकून गेली पंधरा वर्षं बायकांचे शर्ट घालून कामावर जात होता आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. रंग साधा राखाडी, कापड मऊ, कमरेशी किंचित निमुळतं, आणि बटणं पुरुषांच्या शर्टाच्या उलट, डाव्या बाजूला. तेवढ्यानं त्याच्या जिवाला बरं वाटे. पण आज कुणी ओळखेल का, या धास्तीनं तो रोज घराबाहेर पडायच्या आधीच दमून जाई.

रविवारी मोठी बहीण आली. त्याच्या कपड्यांना इस्त्री करता करता तिचा हात थांबला.

"अरे, हा बायकांचा शर्ट आहे. कुणाचा रे?"

थापा तयार होत्या. दुकानदारानं फसवलं, लाँड्रीत अदलाबदल झाली. पण एकही मारायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"माझाच आहे, ताई. मुद्दाम घेतो. सगळे तसलेच आहेत."

ताईनं इस्त्री बाजूला ठेवली. मग तिनं शर्ट उलटा करून खांद्याची शिवण चाचपली.

"इथं काचत असेल तुला. आत कापड आहे, सैल करून देते."

तो पलंगावर टेकला, आणि ताई सुईत दोरा ओवत होती तेवढ्यात, भरदुपारी, त्याला गाढ झोप लागली.