मामाने बांधलेली टाकी

माझा मामा धाकू मोठागावच्या धक्क्यावरून पलीकडे माणकोलीला माणसं पोचवायचा. वल्ह्याच्या होडीला त्याने त्रेपन्न साली जुनं रॉकेलचं इंजिन बसवून घेतलं आणि त्या दिवसापासून बाकीचे नावाडी त्याला खालचे वाटू लागले. स्वभावाने मऊ, पण चूक कबूल करायची म्हटली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आमच्या घराण्यातच तो रोग आहे.

खारं पाणी पत्रा खातं. दीड वर्षात इंजिनाच्या रॉकेलच्या टाकीची चाळण झाली. कल्याणच्या बाजारात पत्र्याची कामं करणाऱ्या गोपीनाथने सांध्यांना कथलाचा डाख मारून नवी टाकी करून दिली. हा माणूस मोजकं बोलायचा. टाकी हातात देताना म्हणाला, "खाली लाकडी ठोकळे घाल, वरून लोखंडी पट्टी घे आणि होडीच्या लाकडाला बोल्टाने आवळ. हलली तर नळी उपटेल."

मामा चिडला. "नारली पुनवेला नारल फोरून पुजलेली होरी हाय ती. तिला भोकां पारू?"

त्याने टाकी काथ्याच्या दोराने बांधली, तीही दोर भिजवून. खाडीवर सगळे तसंच बांधतात. ओला दोर घट्ट बसतो आणि पाण्यावर तो वाळतही नाही. पण ही टाकी होती तापल्या इंजिनाच्या शेजारी. चार दिवसांत दोर वाळून सैल पडला.

पाचव्या दिवशी माझं लग्न होतं, माणकोलीत. नवरदेव म्हणून मी मानाने इंजिनाजवळ बसलो होतो. निम्म्या खाडीत टाकी घसरली, नळी सांध्यातून उपटली, रॉकेल माझ्या नव्या धोतरावर सांडलं आणि इंजिन बंद पडलं. वल्ही मामाने ऐटीत घरीच ठेवली होती. ओहोटीने होडी चिखलात नेऊन बसवली. गुडघाभर चिखल तुडवत आमचं घमघमतं वऱ्हाड मांडवात पोचलं, तेव्हा गोरज मुहूर्त टळून गेला होता.

मुलीचे वडील परशुराम पाटील भर मांडवात गरजले, "कोणामुळे झालं हे?"

मामाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "गोपीनाथनी डाख कच्चा मारला," तो म्हणाला.

सैल दोर मी पाहिला होता, माझ्या पायापाशीच तो लोळत होता. पण सख्खा मामा, आणि समोर सासरा. मी म्हटलं, "हो, सांधाच कच्चा होता." लिहिताना लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

परशुराम पाटलांचा शब्द खाडीकाठी चालायचा. गोपीनाथची होड्यांची सगळी कामं गेली. तो मात्र दोन दिवसांनी हत्यारं घेऊन धक्क्यावर आला. वाळलेला दोर त्याने उचलून पाहिला, बाजूला ठेवला. पुन्हा डाख मारला, ठोकळे घातले, पट्टी बोल्टाने आवळली. मामाने या वेळी होडीला भोकं पाडू दिली. टाकी पुढे कधी हलली नाही, पण "कच्च्या डाखाचा गोपीनाथ" हे नाव पडलं ते पडलंच.

मामा आतून खचत गेला. कल्याणला गेला तर बाजार टाळून लांबच्या वाटेने जायचा. होडीत कुणी टाकीची तारीफ केली, की त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही. चार वर्षांनी एक दिवस मला म्हणाला, "चल माझे संगती. एकल्याला धीर नाय व्हत."

गोपीनाथ घागरीच्या बुडाला ठिगळ मारत होता. मामाने हात जोडले. "दोर सैल हुता माझा. तुझा डाख चांगलाच हुता. मी खोटा बोललू."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," गोपीनाथ म्हणाला. "वाट बघत होतो." त्याने मामाला बसायला पाट दिला, पाण्याचा तांब्या पुढे केला. मामा लहान पोरासारखा रडायला लागला.

मग गोपीनाथने माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही कशाला आलात?"

"मामाला सोबत म्हणून," मी म्हणालो.