लेकीच्या वाटचा नमस्कार

"वाकू नोको वो बाई!"

नालवाडीच्या आमच्या आळीत हे दिवसभर ऐकू यायचं. नागपूर तेव्हा अजून मध्य प्रदेशची राजधानी होतं. लोकांच्या आया लेकींना वाकायला शिकवतात. आमची ही शेजारीण लेकीच्या हातचा झाडू हिसकावून घ्यायची. आम्ही बायका हसायचो. तुम्हीही हसला असता.

"लेक हाय का महारानी?" मी एकदा विचारलंच.

तिनं पोरीला माझ्यासमोर वाकायला लावलं आणि माझं हसू जिरलं. उभी असताना पोरीचा एक खांदा जरासा खाली वाटायचा, एवढंच. वाकली तशी पाठीची उजवी बाजू टेकाडासारखी वर आली.

लहानपणापासून एकाच कमरेवर घागर आणवली म्हणून हे झालं, अशी बाईची खात्री. जवसाचं तेल चोळून चोळून तिनं पोरीची पाठ लाल करून टाकली होती. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले.

"कणा बाजूला वळलाय आणि वळताना पिळलाही गेलाय," डॉक्टर म्हणाले. "म्हणून वाकली की बरगड्या वर येतात. घागरीनं हे होत नाही, तेलानं जात नाही. कुणाचीच चूक नाही."

मला वाटलं, बाई सुटली. कसलं काय! बाहेर येऊन ती पायरीवर मटकन बसली.

"मायी चूक असती त म्याच सुदरवली असती. कोनाचीच नाई, त आता कराव काय?"

पोर लग्नाची झाली. समुद्रपूरहून पाहुणे आले. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेली पोर सगळ्यांना पसंत पडली. पोहे झाले, सुपारी फुटायचीच बाकी होती.

"सगळ्याइच्या पाया पड वो," मुलाची आत्या म्हणाली.

पोर पुढं सरली, तोच आई मध्ये धावली. "तिचे गुडघे दुखते! तिच्या वाटचा नमस्कार मी करतो!" आणि म्हाताऱ्यापासून थेट नवऱ्या मुलापर्यंत एकेकाचे पाय धरत सुटली. त्या बिचाऱ्यानं घाबरून पाय खुर्चीखाली ओढले. माझा जीव अर्धा झाला.

"गुडघे दुखते?" आत्या म्हणाली. "मंग वावरात निंदन कोन करन?"

मोटारीची वेळ झाली म्हणत पाहुणे उठले.

ते गेले तरी बाई जमिनीवरून उठेना. मी हाक मारली, ऐकलं नाही. मग पोर दारात जमलेल्या सगळ्या आळीदेखत वाकली. पदर सरकला, पाठ दिसली, तिनं तो सावरला नाही. आईच्या काखेत हात घालून ती तिला उचलू लागली.

"गुडघे काऊन म्हनलं म्या?" आई तिलाच कारण विचारत होती. "काऊन म्हनलं वो, पोरी?"