बाजूला बसणारा

“सतीश पोचला का रे तुझ्याकडे?” शनिवारी दुपारी सहाशे किलोमीटरवरच्या कालगुर्लीहून त्याच्या बायकोचा, मेघनाचा फोन आला, तेव्हा मी पर्थला घरचं गवत कापत होतो. “माझ्याकडे? कशाला?” मी विचारलं. ती म्हणाली, “अरे, तूच त्याला ‘ये’ म्हणालास ना?” संध्याकाळी तिला पोलिसांचा फोन आला. सतीश निम्म्या वाटेवर, हायवेच्या कडेला, हार्ट अटॅकने गेला होता.

पुण्याला इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर बसायचो. इथे ऑस्ट्रेलियात आल्यावर तो खाणीत गेला, मी कॉम्प्युटरपाशी. कालगुर्लीच्या लायब्ररीत त्याला एक जुना फोटो सापडला. दुसऱ्या महायुद्धाआधी मातीच्या रस्त्यांवरून उघड्या स्पोर्ट्स कारची गावोगाव जाणारी लांब पल्ल्याची शर्यत व्हायची, तिचा. गाडीत दोन माणसं, दोघंही धुळीने माखलेली. तेव्हा ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसायचा. हाताने पेट्रोल पंप करायचा, मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचा. फोटोखाली नाव मात्र एकट्या ड्रायव्हरचं. “बाजूच्याचं नाव कुणी लिहिलंच नाही बघ,” सतीशला त्याचीच चुटपुट.

मग त्याने तसल्याच एका गाडीचा सांगाडा आणला आणि नऊ वर्षं शेडमध्ये ठोकत बसला. शर्यतीचा जुना रस्ता पुन्हा धरायचा, बाजूला मी, असा बेत. मला साधा टायर बदलता येत नाही. तसं म्हटलं की म्हणायचा, “तू फक्त बस रे. बडबड तर येते ना?” मी दरवर्षी टाळलं. कधी ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज, कधी मुलीची युनिव्हर्सिटीची ॲडमिशन. नाही म्हणालो नाही आणि गेलोही नाही. घोंगडं भिजत ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

त्या गुरुवारी मी मीटिंगमध्ये असताना त्याचा फोन आला. “झाली रे गाडी. येतो मग.” आपल्याकडे निरोप घेताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. मला वाटलं, फोन ठेवतोय. मीही सवयीने म्हणालो, “ये ये.”

आणि शनिवारी तो खरंच मला घ्यायला निघाला.

“गाडी अगदी नीट बाजूला घेतली होती मेट, हँडब्रेकसकट,” ज्या ट्रकवाल्याला तो दिसला, त्याने नंतर मला सांगितलं. डॉक्टर म्हणतात, सोबत कुणी असतं तरी फरक पडला नसता. त्या पट्ट्यात फोनला रेंजही नाही. पण मी निदान त्याचा हात धरला असता, ओरडून कुणाला तरी थांबवलं असतं... सहा आठवडे मी हेच घोकतोय. दुसरं काही करता येत नाही, याचा राग येतो.

मागच्या आठवड्यात कालगुर्लीला गेलो. गाडी शेडमध्ये परत आणून ठेवली आहे. डावीकडच्या सीटवर माझ्यासाठी घेतलेला गॉगल होता, लेबल न काढलेला. उजव्या दारावर त्याने स्वतःचं नाव रंगवलं होतं आणि डाव्या दारावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माझं. मी बराच वेळ त्या सीटवर बसून राहिलो. मेघना शेडच्या दारात उभी होती.

निघताना तोंडातून गेलंच, “येतो.”

“ये,” ती म्हणाली. “पण कधी, ते सांग.”